सात नंबरची टेंभुर्णी

जानेफळच्या रस्त्याकडेची टेंभुर्णी तोडली तो बुधवार होता. कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. सकाळी अकराच्या सुमारास मामांना गावाहून फोन आला. संध्याकाळी आम्ही तिथे पोचलो तेव्हा खड्ड्यात मुरूम भरून झाला होता.

मामा म्हणजे आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले परिचर. त्यांना सगळे मामाच म्हणत, प्राचार्यसुद्धा. कोणतीही वस्तू अंगठ्याने दाबून पाहिल्याशिवाय त्यांचा तिच्यावर विश्वास बसत नसे. पाव, भाकरी, नव्या खुर्चीची गादी. एकदा कॉलेजच्या तपासणीला बाहेरगावचे पाहुणे आले होते. त्यांच्या बशीतलं सफरचंद मामांनी सगळ्यांसमक्ष उचललं, दाबलं आणि परत ठेवलं. "फ्रीजमधलं हाये. बसलं आतून." पाहुण्यांपैकी कोणीच मग ते खाल्लं नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यावर रागावायचं की हसायचं, हे ठरेपर्यंत ती पुढे निघून गेलेली असतात.

टेंभुर्णी म्हणजे बिडीसाठी जिची पानं तोडतात ती. उन्हाळ्यात तिला पिवळी, लिंबाएवढी फळं येतात, ती टेंभरं. मामांची आई ती विकायची.

"माय पाटी घेऊन मेहकरच्या बाजारले जाये," मामा सांगत. "पाहाटे तोडलेलं टेंभरू, दुपारी बोट लावलं का पिचके. गिऱ्हाईक म्हने, सडकं काऊन आनलं? येताना मंग बकऱ्याईले टाकून ये. पन आमाले नाई खाऊ दे. म्हने, विकायचं हाये ते."

जानेफळला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला मात्र एक झाड होतं. त्याचं फळ गोड व्हायचं, पण मऊ पडायचं नाही. आठव्या दिवशीही अंगठ्याला दाद द्यायचं नाही. मामांनी ते लहानपणापासून पाहिलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. मी नोकरीला लागल्यावर तिसऱ्या वर्षी त्यांनी टॉवेलात बांधून आणलेली टेंभरं माझ्या टेबलावर सोडली. म्हणाले, "दाबून पाहा सर. याले घाई नाई."

त्या दिवसांत मी पर्सिमनविषयी वाचत होतो. चीन-जपानकडचं हे फळ टेंभुर्णीच्याच कुळातलं. मी मामांना फोटो दाखवला. केशरी, टोमॅटोएवढं, चकचकीत. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. "हे त आपलं टेंभरूच हाये, सर. चांगल्या घरी पडलं, म्हनून अंग धरलं."

मी त्यांना समजावून सांगायचो. फळ तोडल्यावर मरत नाही. ते श्वास घेतं, एक वायू सोडतं, आणि त्या वायूच्या इशाऱ्याने पेशींना जोडून ठेवणारा चिकट पदार्थ विरघळू लागतो. तो विरघळवणारी द्रव्यं फळच तयार करतं.

"पन तयार कर म्हनून हुकूम कोन देते?"

"जनुकं."

"म्हंजे मायबापाकडून आलेलं."

"हो."

"मंग हे झाड हुकूम ऐकत नाई लेकाचं," मामा म्हणाले आणि खूश झाले. पुढे वर्गात मी हा विषय अनेकदा शिकवला. याहून सोपं करून मला सांगता आलं नाही.

आम्ही काम सुरू केलं. आसपासची बारा झाडं निवडली. फळं तोडायची, पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवायची, रोज घट्टपणा मोजायचा. माझ्याकडे त्यासाठी काट्याचं एक उपकरण होतं. मामांकडे अंगठा होता. दोन्हींचे आकडे मी वेगवेगळ्या रकान्यांत लिहीत असे. मामांचे आकडे फारसे चुकले नाहीत.

मामांना आकडे नको होते, कलमं हवी होती. बी लावून उपयोग नाही, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. टेंभुर्णीत नर झाड वेगळं, मादी वेगळी. बियांत निम्मा वाटा कुठल्या तरी अनोळखी नराचा. त्यांनी प्रयोगशाळेमागे काळ्या पिशव्यांत टेंभुर्णीची रोपं वाढवली होती, त्यांच्यावर कलमं बांधायची म्हणून.

"रोपं तयार हायेत, सर. त्या झाडाची काडी केव्हा आनायची?"

मी म्हणायचो, तीन वर्षांच्या नोंदी होऊ द्या. हा गुण पाण्यामुळे असेल, मातीमुळे असेल. तो जातीतच आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं.

"मंग दुसऱ्या मातीत लावल्याबिगर कसं कळंल?"

हा प्रश्न बरोबर होता. मी पुन्हा नोंदींचंच सांगितलं. परिचराने मला प्रयोगाची रीत सांगावी, हे मला तेव्हा रुचलं नसावं. आज असं लिहिताना बरं वाटत नाही, पण ते तसंच होतं.

झाडांना नंबर मी टाकले. खोडावर चुन्याचा पट्टा, त्यावर लाल आकडा. रस्त्याकडेच्या झाडाला सात नंबर आला. मामा डबा धरून उभे होते.

"सर, आकडा नका टाकू. आकडा टाकलेलं झाड सरकारी वाटते लोकाईले. एक गोटा ठेवतो खाली, शेंदूर लावतो. कोनाच्या बापाची हिंमत नाई हात लावाची."

मी म्हणालो, "मामा, हे विज्ञानाचं काम आहे. इथे देव नको."

त्यांनी पैनगंगेतून आणलेला गुळगुळीत गोटा पिशवीत तयारच ठेवला होता. तो त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ठेवला. "राहू द्या मंग इथंच. कागदं तरी उडनार नाई."

दोन उन्हाळे झाले. तिसरा यायचा होता. हिवाळा संपताना रस्ता रुंद करायचं काम निघालं. जी झाडं पाडायची होती त्यांच्यावर कंत्राटदाराच्या माणसांनी नंबर टाकले. पांढरा पट्टा, लाल आकडा. आमचं झाड त्यांच्या आखणीच्या बाहेर होतं, हे मी जाऊन पाहून आलो होतो आणि निर्धास्त होतो.

बुधवारी फोन ठेवून मामा माझ्याकडे आले. "सर, झाडं पाडून राह्यले. मी जाऊन येतो." बाहेरचे परीक्षक समोर बसले होते. मी म्हणालो, "आपलं झाड आखणीत नाही, मामा. परीक्षा आटोपल्यावर जाऊ." ते गेले नाहीत. दिवसभर मुलांना काचपट्ट्या देत राहिले.

संध्याकाळी मुकादम तिथेच होता. त्याला काही लपवायचं नव्हतं. "नंबर होता साहेब, म्हनून पाडलं." फांद्या सरपणाला गेल्या होत्या. बुंधा यंत्राने मुळासकट उपटून ट्रॉलीत टाकला होता. वीस पावलांवर एक कडुनिंब होता, अगदी आखणीच्या आत. त्याच्या बुडाशी कोणीतरी कधीकाळी शेंदूर लावलेला दगड ठेवला होता. त्याच्यापुढे नारळ फोडलेला दिसत होता. कडुनिंब उभा होता.

मामांनी अंधार पडेपर्यंत मुरूम उकरून बोटाएवढी मुळं गोळा केली. टेंभुर्णी मुळांपासून फुटते, म्हणून. ती पिशव्यांत लावली, रोज पाणी घातलं. एकही फुटलं नाही. सगळी यंत्राखाली चेचली होती.

पुढच्या आठवड्यात त्यांनी सालीचा एक तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. चुना, आणि त्यावर सात.

"झाडाले घाई नव्हती, सर," ते म्हणाले. "तुमाले बी नव्हती."

मला ते इतकंच बोलले. त्यानंतर वर्षभर ते कामावर येत राहिले, ट्रे धूत राहिले, "हाव सर" म्हणत राहिले. काही दाबून पाहताना मात्र मला दिसले नाहीत.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत ते अंथरुणाला खिळले. अकोल्याच्या एका दुकानात मला पर्सिमन मिळालं, ते घेऊन मी जानेफळला गेलो. त्यांनी ते हातात धरलं आणि अंगठा लावला. "कच्चंच तोडलं यायनं. राहू द्या, पाहू कितीक दिवस टिकते." झाडाचा विषय त्यांनी काढला नाही.

पुन्हा गेलो तो त्यांच्या तेराव्याला. मामी म्हणाल्या, "ते फळ त्यायनं खाल्लंच नाई. रोज सकाळी मांगत, अंगठा लावून परत देत. ते गेल्यावर पानी सुटलं त्याले. गाईले टाकून देल्लं."

नोंदवहीत तिसऱ्या वर्षाचे रकाने कोरे आहेत. प्रयोगशाळेमागच्या पिशव्या कॉलेजने साफ केल्या. सात नंबरच्या बिया एका बाटलीत आहेत; त्या आता रुजणार नाहीत. गोटा माझ्या टेबलावर, वहीवर ठेवलेला आहे. त्याला शेंदूर लावलेला नाही.