मावशीची सही

कुकरच्या त्या कंपनीत एक मावशी होती. गोल चेहरा, डोळ्यांवर चष्मा, केसांत दोन-चार पांढऱ्या बटा. खोक्यावर तिचं चित्र असायचं आणि चित्राखाली लिहिलेलं असायचं, 'काही अडलं तर मावशीला लिहा.' लोक लिहायचे. ढिगाने लिहायचे. आणि प्रत्येकाला उत्तर जायचं. खाली निळ्या शाईत सही असायची : 'तुमचीच, मावशी.'

आता खरं सांगायचं तर ही मावशी नव्हतीच मुळी. चित्र होतं, सही होती, बाई नव्हती. उत्तरं लिहायची ती जनसंपर्क विभागातली एक शिडशिडीत टायपिस्ट. चष्मा नाही, की स्वयंपाकाची आवड नाही. ऑफिसात तिला सगळे पत्रबाई म्हणायचे. बाविसाव्या वर्षी नोकरीला लागली तेव्हा तेव्हाचे साहेब म्हणाले होते, "सहा महिने मावशीचं काम बघ, मग चांगलंसं काहीतरी देतो." ते सहा महिने एकतीस वर्षं चालले. साहेब बदलले, टेबलं बदलली, टाइपरायटर जाऊन संगणक आला. सही मात्र हातानेच करायची, आणि तीही निळ्या शाईत, हा पत्रबाईचा हट्ट.

काम फुटकळ वाटतं ना? तसं नव्हतं ते. एकदा एका बाईनं विचारलं, मी एकटीच राहते, तुमचा मोठा कुकर घेऊ का? मावशीनं लिहिलं, 'मुळीच घेऊ नका. घासता घासता जीव जाईल. एकट्या माणसाला साधं पातेलं पुरतं.' साहेबांनी डोक्याला हात लावला. "अहो, पगार कोण देतं तुम्हाला? पातेलेवाला?" पण त्या बाईनं ते पत्र गल्लीभर दाखवलं, आणि महिन्याभरात त्या एका गल्लीतून सात मोठे कुकर गेले. तेव्हापासून विभागात कोणी नवीन आलं की साहेब तेच पत्र फडकावून सांगायचे, "जाहिरात आपण हवी तेवढी करू. लोक ती बघतात आणि पान उलटतात. मावशीचं मात्र ऐकतात." साहेब गेले, नवे आले, पण हे भाषण जसंच्या तसं राहिलं.

पत्र लिहिणाऱ्यांत एक शिवणकाम करणारी बाई होती. पत्रबाई तिला मनातल्या मनात शिवणबाई म्हणायची. अकरा वर्षांपूर्वी तिनं रबराच्या रिंगेबद्दल विचारलं, आणि मग काय, कुकर राहिला बाजूला! ब्लाउजची बाही बिघडली, सांगितलं मावशीला. लेकीचं लग्न ठरलं, सांगितलं मावशीला. एकदा लिहिलं, 'नवरा फार घोरतो हो, यावर काही उपाय?' मावशीनं उत्तर धाडलं, 'कुकरची शिट्टी बंद करणं जमतं, नवऱ्याची करणं मला अजून जमलेलं नाही.' हे लिहिताना पत्रबाई टेबलाशी एकटीच हसत बसली होती. तिचा नवरा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

मग नवा कुकर आला. एका हातानं उघडता येणारा, झाकणाच्या दांड्यात खटका बसवलेला. धडाधड खपला. पत्रबाईनं लेकीला तोच दिला, शिवणबाईनं तोच घेतला. सहा-सात महिने झाले नाहीत तोच मावशीला पत्रं यायला लागली : खटका सैल होतो, आत वाफ असतानाच झाकण सुटतं. पाच पत्रं झाल्यावर पत्रबाईनं ती साहेबांपुढे ठेवली. साहेब कारखान्यात जाऊन आले आणि त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"कारखान्याला कळलंय. नवा खटका दोन महिन्यांत येतोय. तोवर बोभाटा नको. मावशीला लिहू द्या, काळजीचं कारण नाही म्हणून."

"पण साहेब, काळजीचं कारण आहे की."

"अहो, गॅस बंद केल्यावर पाच मिनिटं थांबून उघडा, असं लिहा. यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं. पत्रबाईनं तसं पत्र तयार केलं, वाचून पाहिलं, आणि ते तिला कोरडं वाटलं. पाच मिनिटांच्या सल्ल्यानं कोणाची भीती जात नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक! एकतीस वर्षांचा सराव होता हाताला. तिनं शेवटी एक ओळ घातली, 'माझ्याही घरी हाच कुकर आहे. मीही रोज वापरते, तुम्हीही बिनघोर वापरा.' ही ओळ साहेबांनी सांगितली नव्हती. कोणीच सांगितली नव्हती. तिनं आपण होऊन घातली, चांगली जमली म्हणून मान डोलावली, आणि सही केली. पुढच्या महिन्याभरात खटक्याबद्दल विचारणाऱ्या एक्केचाळीस जणांना ती ओळ गेली. त्यात शिवणबाईही होती.

आणि पहिलं पत्र टपालात पडलं त्याच दिवशी ऑफिसातून सुटल्यावर पत्रबाई घरी न जाता लेकीकडे गेली. ओट्यावरचा कुकर उचलला, पुसला आणि पिशवीत घातला.

"अगं आई, बटाटे लावायचेत मला त्यात!"

"पातेल्यात लाव. हा मी नेते."

"का? काय झालंय त्याला?"

"काही नाही झालं. खटका जरा सैल वाटतोय."

"मग दुरुस्त करून आण की. तुझीच कंपनी आहे."

"बघू," म्हणाली, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसमध्ये बसली. घरी कपाटावर, जुन्या चादरींच्या मागे, तो कुकर ठेवून दिला. काय म्हणावं या बाईला! स्वतःच्या लेकीच्या हातातून काढून घेतला, आणि एक्केचाळीस जणांना सांगितलं, बिनघोर वापरा. तिला कळत नव्हतं असं नाही. चादर नीट ओढून घेताना तिला पुरतं कळत होतं.

पाच आठवड्यांनी एक पत्र आलं. पाकिटावर पत्ता शिवणबाईचा, अक्षर मात्र भलत्याचंच.

'मावशी, अक्षर शेजारणीचं आहे, माफ करा. झाकण उडालं आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पाच मिनिटं थांबायचं मीच विसरले असणार, दुसरं काय. डॉक्टर म्हणतात बोटं पहिल्यासारखी वळतील की नाही सांगता येत नाही. कात्री धरवत नाही सध्या. लिहिण्याचं कारण एवढंच, की तुम्हीही तोच कुकर वापरता. जपून हं.'

पत्रबाई ते पत्र घेऊन तशीच साहेबांकडे गेली.

"साहेब, सगळ्यांना कळवू या. आजच."

साहेबांनी पत्र वाचलं. वाईट त्यांनाही वाटलं, नाही असं नाही. पण म्हणाले, "वकील बघताहेत. आत्ता एक शब्द बाहेर गेला तर आपणच कबूल केल्यासारखं होईल. थोडं थांबा."

"किती?"

"थांबा म्हटलं ना!"

रविवारी सकाळी फळं घेऊन ती शिवणबाईकडे गेली. अकरा वर्षं जो पत्ता पाकिटावर लिहिला, तो दरवाजा पहिल्यांदा पाहत होती. दुसरा मजला, अरुंद जिना, खिडकीपाशी शिवणयंत्र, त्यावर कापड झाकलेलं. शिवणबाई तिच्या कल्पनेपेक्षा ठेंगणी निघाली. हात पट्ट्यांत गुंडाळून गळ्याशी बांधलेला.

"मावशींच्या ऑफिसातून आलात? या, या! मावशींनीच पाठवलं असणार!" शिवणबाई हरखून गेली. डाव्या हातानं खुर्ची ओढली, डाव्या हातानं बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. डब्यात बिस्किटं नव्हती, मावशीची पत्रं होती. सगळी. वर्षांप्रमाणे लावून दोऱ्यानं बांधलेली. "हे बघा, हे घोरण्याचं. आम्ही अजून हसतो."

शेवटी पत्रबाई जिवाचा हिय्या करून म्हणाली, "बाई, ती मावशी मीच. ही सगळी पत्रं मी लिहिली. मावशी अशी कोणी नाहीच आहे."

शिवणबाईनं डबा आपल्याकडे ओढून घेतला.

"कंपनीनं पाठवलंय होय तुम्हाला? माझा हात भाजला, म्हणून आता मावशी नव्हतीच म्हणता? म्हणजे जबाबदारी कोणाची, तर कोणाचीच नाही. छान आहे!"

"नाही हो. तसं नाही. मी माफी मागायला आले."

"तुम्ही कशाला माफी मागता? मावशी स्वतः तोच कुकर वापरते. हे बघा, लिहिलंय इथं. तिला माहीत असतं तर तिनं मला वापरू दिला असता? आधी तिला सांगा जाऊन. इथं काय बसलात!"

कपाटावरच्या कुकरचं सांगावं असं पत्रबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. एक वाक्य होतं ते. पण जीभ उचलली नाही. फळं तिथंच ठेवून ती जिना उतरली, आणि खाली येऊन पायरीवर बसून रडली.

सोमवारी ऑफिस भरायच्या आधीच ती टेबलाशी होती. नव्या कुकरबद्दल मावशीला ज्यांनी ज्यांनी लिहिलं होतं त्या सगळ्यांना तिनं पत्र काढलं : कुकर आजपासून वापरू नका, खटका सदोष आहे, कंपनीला परत करा. मसुद्याखाली स्वतःचं नाव टाकलं. मग थबकली. हे नाव वाचून कोण गॅसवरचा कुकर उतरवणार? हिला कोण ओळखतं? नाव खोडलं, आणि प्रत्येक कागदावर निळ्या शाईत सही केली, तुमचीच, मावशी. साहेबांना न विचारता गठ्ठा टपालात टाकून आली.

साहेबांनी आकाशपाताळ एक केलं. "आजच्या आज घरी बसवतो तुम्हाला!" पण मावशीचं पत्र हातोहात गल्लीगल्लीत फिरलं, चौथ्या दिवशी दुकानांपुढे लोक कुकर घेऊन उभे राहिले, कोणी शिव्या देईना, उलट म्हणायला लागले, बघा, मावशीनं आधीच सांगितलं. वर्तमानपत्रांत चार चांगले शब्द आले. कंपनीनं मग घाईघाईनं जाहीर केलं की सगळे कुकर बदलून देऊ. पंधरा दिवसांनी बैठकीत साहेबांनी पत्रबाईच्या हातात फुलांचा गुच्छ दिला आणि पाहुण्यांना म्हणाले, "विश्वास म्हणतात तो हा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं. गुच्छ तिनं घरी नेला नाही, शिपायाच्या टेबलावर ठेवला.

आणि मग ते पत्र आलं. वाकडी, हेलकावणारी, लहान मुलासारखी अक्षरं.

'मावशी, डाव्या हातानं लिहायला शिकतेय, हसू नका. तुमचं पत्र मिळालं. मला ठाऊकच होतं, तुम्हाला कळलं की तुम्ही गप्प बसणार नाही. एक सांगायचं राहिलं. तुमच्या ऑफिसातली एक बाई माझ्याकडे आली होती. तुमच्या नावानं आपणच पत्रं लिहितो म्हणत होती. चेहरा अगदी गरीब, पण मला तिचं लक्षण ठीक दिसलं नाही. तिच्यापासून जपून राहा.'

पत्रबाईनं कोरा कागद घेतला. या वेळी टाइप केलं नाही, हातानंच लिहिलं.

'ती बाई खरं बोलत होती. पण अर्धंच बोलली. ज्या दिवशी मी सगळ्यांना बिनघोर वापरा म्हणून लिहायला लागले, त्याच संध्याकाळी माझ्या लेकीच्या ओट्यावरून तोच कुकर मी काढून आणला. मला माहीत होतं. तुमची चूक नव्हती. पाच मिनिटं तुम्ही थांबला असाल, नसाल, चूक माझी होती.'

खाली तिनं आपलं नाव लिहिलं, आईवडिलांनी ठेवलेलं, आणि त्याखाली घरचा पत्ता. एकतीस वर्षांत मावशीच्या उत्तराखाली ते नाव पहिल्यांदाच न खोडता राहिलं. पाकीट शिपायाकडे न देता ती स्वतः खाली जाऊन टपालपेटीत टाकून आली.