एका दाराची दोन कुलपं

देवळात जायचं म्हटलं तरी त्या दिवसांत मला नको वाटायचं. तारापूरजवळच्या आमच्या कोळीवाड्यात ख्रिस्ती घरं थोडीच, आणि आजोबांच्या पिढीनं बांधलेलं एक लहानसं देऊळ. पलीकडे वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं तशी केरळची, मंगळूरची ख्रिस्ती माणसं कॉलनीत राहायला आली आणि रविवारी आमच्याच बाकांवर बसू लागली. मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, लॅटिनमध्ये होती तोवर सगळं सुरळीत होतं. कुणालाच काही कळत नव्हतं, मग भांडणार कशावरून? आपापल्या भाषेत प्रार्थना करायची मोकळीक मिळाली आणि आमची तोंडं सुटली. आम्ही मराठी गीत धरलं की ते त्यांचं धरायचे, आणि शेवटी नुसता गोंगाट उरायचा.

"देऊल आमचा हाय. हितं आमचीच भाषा चालंल," म्हणत आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एका रविवारी दाराला कुलूप ठोकलं. कॉलनीवाले काय कमी? देवळाची कौलं त्यांनी बदलून दिली होती. त्यांनी वर आपलं दुसरं कुलूप लावलं. महिन्यातून एकदा येणारे फादर वसईकडून आले, दोन्ही कुलपं पाहिली, पायरीवर बसून एकट्यानंच जपमाळ म्हटली. उठताना एवढंच म्हणाले, "दोन्ही निघाली की निरोप पाठवा." मला रडूच आलं. पण नवऱ्यापुढे बोलायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर कॉलनीच्या बायकांशी बोलायची मलाही हौस नव्हती.

पावसाळा सरून होड्या पुन्हा दर्यात जाऊ लागल्या होत्या. एका दुपारी आभाळ एकाएकी भरून आलं, वारा सुटला आणि पावसाच्या पडद्याआड समोरची खाडीही दिसेना. आमची होडी बाहेर होती, मालक तिच्यातच. अशा वेळी देवळाची घंटा सारखी वाजवत राहायची, ही आमची जुनी रीत. त्या आवाजाच्या रोखानं होड्या खाडीचं तोंड गाठतात, नाहीतर खडकांवर जातात. मी आमची चावी घेऊन धावत सुटले. कुलूप काढलं, पण दुसरं तसंच. दगड उचलून त्याच्यावर घातला, ते काही दाद देईना. घंटेचा दोर आत लोंबत होता आणि मी बाहेर मरियामातेला हाका मारत होते. हाका कसल्या, भांडतच होते मी तिच्याशी.

तेवढ्यात मागून चिखलातून पावलं वाजली. कॉलनीतली अन्नम्मा. तिच्या नवऱ्यानंच ते दुसरं कुलूप लावलेलं. खांद्यावर पदराखाली तान्हं मूल, हातात मेणबत्ती आणि चावी. "बच्चे को बुखार है," ती धापा टाकत म्हणाली. "कल भी आई थी. तुम्हारा ताला था." काल हीसुद्धा माझ्यासारखीच दाराबाहेर उभी होती! मी बाजूला सरले. तिनं कुलूप काढलं.

मूल बाकावर निजवलं, मेणबत्ती लावली आणि माझ्या तोंडाकडे बघून तिनं, काही न विचारता, माझ्याबरोबर दोर धरला. माझे हात भरून आले की ती ओढायची, तिचे आले की मी. ती तिच्या भाषेत पुटपुटत होती, मी माझ्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. किनाऱ्यावरून "आली, आली!" असा ओरडा झाला तेव्हा कुठे मी दोर सोडला. इकडे बाळ घामानं चिंब झालं होतं, ताप उतरला होता. तो उतरायचाच होता, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

मालक ओलेचिंब आत आले. अन्नम्माच्या सोललेल्या हातांकडे नजर गेली तशी त्यांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी अन्नम्माच्या नवऱ्याला त्यांनी स्वतः बोलावून आणलं आणि दोघांनी मिळून ती कुलपं घंटेच्या दोराला खाली वजन म्हणून बांधली, वाऱ्यानं दोर उडू नये म्हणून. फादरना निरोप गेला. आता एक कडवं आमचं, एक त्यांचं, आणि आमेन सगळ्यांचं.

प्रभूचे उपकार मानताना एक गोष्ट आठवून मला हसू येतं. मदतीला कुणाला पाठवू, असं त्यानं त्या दुपारी विचारलं असतं, तर मी वाड्यातल्या झाडून सगळ्यांची नावं घेतली असती. अन्नम्माचं घेतलं नसतं. बरं झालं, त्यानं मला विचारलं नाही.