मागचे शॉकअप मऊच टाकले

गाडीवेड्या मंडळींनो, माझी जुनी गाडी कमी खर्चात रॅलीच्या गाडीसारखी कडक करायची, हे माझं कॉलेजपासूनचं खूळ. आडवी यायची ती वडिलांची कंबर. आप्पा मागं बसून खड्ड्याखड्ड्याला कण्हायचे. एकदा मी चिडून बोललोही, "तुमच्यापायी गाडी म्हशीवानी डुलती!"

आज शिक्रापूरला कडक शॉकअप घ्यायलाच गेलो, तर नेहमीच्या मेस्त्रीमामांनी मला बघताच आपणहून मऊ जोडी काढून ठेवली. "आप्पांची कंबर कशी हाय आता?"

आप्पांना जाऊन दोन महिने झाले, हे मामांना ठाऊकच नव्हतं.

"बरी हाय," म्हणालो. "मऊच टाका."

घरी मांडवगणपर्यंत प्रत्येक खड्ड्याला गाडी हळू घेतली. मागं कुणीच नव्हतं.

मामांना खरं कसं सांगू?