ऑर्लीन स्टोव्हॉलची हवेची बंदूक

नवरा गेला तेव्हा ऑर्लीन स्टोव्हॉल चारचौघांत रडली नाही. सहा वर्षांनी एका रानडुकरापायी मात्र ती बेथेलच्या दफनभूमीत मातीत बसून हमसून हमसून रडली. रडून झाल्यावर तिनं जी शिवी हासडली, ती चर्चमधल्या बायका अजून एकमेकींच्या कानात सांगतात.

पूर्व टेक्सासच्या पाइनच्या रानात जी जुनी घराणी आहेत, त्यांच्या थडग्यांवर गवताचं पातंसुद्धा चालत नाही. थडगं म्हणजे उघड्या मातीचा उंचवटा, दाताळं फिरवून नीट केलेला, कडेनं नदीतले शिंपले लावलेला. उंचवटा खचला की लोक समजतात, याच्यामागे कुणी उरलं नाही. मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सगळी घराणी ह्यूस्टनहून, डॅलसहून येतात, आपापल्या माणसांवर माती चढवतात आणि मग ओकच्या झाडांखाली फळ्यांची लांब टेबलं मांडून एकत्र जेवतात. कुणाचं थडगं कसं ठेवलंय हे त्या दिवशी सगळे बघतात, पण बोलत कुणी नाही. बोलतात परत जाताना, गाडीत.

ऑर्लीननं अख्खी नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. शे-दोनशे पोरांच्या बीन्सची पातेली उचलून उचलून तिचा उजवा खांदा कामातून गेला आणि डॉक्टरांनी तिथे धातूचा बसवला. जिभेला मात्र कधी काही झालं नाही. डेल्बर्ट जिवंत असताना त्याच्या बुटांचा चिखल फरशीवर दिसला की ती घर डोक्यावर घ्यायची, आणि तो गेल्यावर त्याच्या मातीवर जीव टाकायची. दर शनिवारी दाताळं घेऊन हजर. शिंपले धुवायचे, माती सारखी करायची आणि त्याच्याशी आठवड्याभराचं भांडण भांडून घरी यायचं.

एप्रिलच्या एका शनिवारी ती गेली तर उंचवटा जागेवर नव्हता. डुकरानं नाक खुपसून सगळी माती उकरून टाकली होती. तिनं दिवसभर खपून पुन्हा चढवली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. या वेळी शिंपल्यांचा चुरा झाला होता आणि उशाशी उभा केलेला नावाचा दगड एका बाजूला कलला होता. शेजारी बाकीची थडगी होती, त्यांना धक्का नाही. दर आठवड्याला मोकळी केलेली भुसभुशीत माती एकट्या डेल्बर्टची होती, म्हणजे तिच्या मायेनंच डुकराला वाट दाखवली होती. हे लक्षात आलं तेव्हा ती रडली.

डोळे पुसून ती थेट हॉइटच्या दारात गेली. हॉइट म्हणजे डेल्बर्टचा धाकटा भाऊ आणि दफनभूमीच्या समितीचा प्रमुख. ओसरीवर पाय पसरून तो कॉफी पीत होता.

"अगं जनावर आहे ते, ऑर्लीन," तो म्हणाला. "किडे शोधतंय. त्याचं तुझ्याशी काय वैर?"

"त्याचं नसेल. माझं आहे."

"मग काय करू म्हणतेस?"

"पिंजरा लाव."

"लावतो ना. तो रविवार पार पडू दे. आत्ता माझ्यामागे काय कमी कामं आहेत?"

"तोपर्यंत तुझ्या भावाची हाडं वर येतील! कुत्री सोड मग."

"कुत्र्यांचे पाय सुजलेत."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे," हॉइट म्हणाला आणि कपात बघू लागला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती उलट पावली निघाली. घरी भिंतीवर डेल्बर्टची हरणं मारायची बंदूक टांगलेली होती. ती खांद्याला लावली असती तर डुक्कर मेलं असतं आणि खांदाही. बारुदाच्या बंदुकीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तिचा शेजारी आल्सीद फॉन्टनो लुईझियानाचा, पाइपलाइनवर वेल्डिंग करून निवृत्त झालेला. तिनं कुंपणापाशी त्याला सगळं सांगितलं, तसा तो आत गेला आणि एक लांबलचक काळी बंदूक घेऊन आला.

"मिस ऑर्लीन, ही वापरून बघा. हिला धक्का नाही. हवेवर चालते."

ऑर्लीननं नाक मुरडलं. "मला डुक्कर मारायचंय, आल्सीद. जत्रेत फुगे नाही फोडायचे."

आल्सीद वाद घालत बसणारा माणूस नव्हता. त्यानं खिशातून एक शिशाची गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. करंगळीच्या पेराएवढी जाड आणि चांगलीच जड. ऑर्लीननं ती बोटांत फिरवली आणि बंदुकीकडे पुन्हा एकदा नीट बघितलं.

आग विझवणारे पाठीवर घेतात तसली हवेची टाकी त्याच्या शेडमध्ये होती. तिची बारीक नळी त्यानं बंदुकीला जोडली आणि चावी सोडली. बंदुकीवरच्या दाबाच्या तबकडीचा काटा हळूहळू चढत गेला. बंदुकीचं लोखंड आतून टकटक वाजायला लागलं तशी ऑर्लीन दोन पावलं मागे सरली. एवढ्या दाबानं कोंडलेल्या हवेला गाल टेकवायचा, हे काही तिच्या मनाला पटेना. बारुदाचं कसं, घोडा ओढेपर्यंत ते निजलेलं असतं. ही हवा जागी होती.

कुरणाच्या टोकाला मातीच्या बांधापुढे ओकचा जुना ओंडका होता. तिनं बंदूक टेकणावर ठेवली, दस्ता खांद्याला लावला, आता दुखणार म्हणून दात आवळले आणि घोडा ओढला.

दुखलं नाही. गर्दीत कुणीतरी खांद्याला हात लावून "जरा सरका" म्हणावं, तेवढंच झालं. आवाज कडाडला नाही, धप्प असा आला, जाड आणि बसका. नळीच्या तोंडाशी पांढरी वाफ दिसली न दिसली तोच विरली. मग मध्ये अगदी थोडी शांतता, आणि त्या शांततेच्या पलीकडून, ओंडक्यातून, थाड!

ऑर्लीन तशीच वाकून राहिली. पोरवयापासून ती बंदुका चालवत आली होती, पण बारुदाच्या आवाजानं कान इतके बधिर व्हायचे की गोळी लागल्याचं नुसतं दिसायचं. आपली गोळी जाऊन बसली, हे तिनं आज पहिल्यांदा कानांनी ऐकलं. बारुदाचा वास नाही, हे तिला अळणी वाटलं खरं. पण तो थाड आवाज! तोच आवाज डुकराच्या बरगडीतून कसा येईल, असं तिच्या मनात आलं आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

"अजून एक," ती म्हणाली.

दुसरीही पहिलीच्या शेजारी बसली. आल्सीद काटा दाखवत म्हणाला, "दोन बार पुऱ्या जोराचे. तिसऱ्याला हवा कमी पडते, गोळी खाली जाते. काटा बघून मग उडवा."

"हो, हो," ऑर्लीन म्हणाली. तिचं लक्ष ओंडक्याच्या भोकांकडे होतं.

गुरुवारी संध्याकाळी ती बंदूक घेऊन दफनभूमीत निघाली. ही बातमी हॉइटला कुणी दिली कोण जाणे, पण हवेनं कुठे डुक्कर मरतं, असं म्हणत तो घडीची खुर्ची घेऊन मजा बघायला हजर होता. जन्मभर बारूद वापरलेल्या माणसाची सवय अशी की शिकारीला बसण्याआधी एक-दोन बार टाकून नेम तपासायचा, मग पुन्हा गोळी भरायची. गोळी आत गेली की बंदूक तयार. ऑर्लीननंही दफनभूमीमागच्या ओढ्याच्या काठावर एका पाइनवर दोन बार टाकले, दोन्ही बरोबर बसले, तिसरी गोळी भरून ती दगडांच्या आडोशाला बसली. काट्याकडे तिनं बघितलंही नाही.

दिवस कलला तसं डुक्कर आलं. थोराड, काळं, पाठीवर केसांचा झाडू. सरळ डेल्बर्टच्या मातीत त्यानं नाक खुपसलं. ऑर्लीननं पुढच्या फऱ्याच्या मागे नेम धरला आणि घोडा ओढला. धप्प आलाच नाही, नुसतं फस्स झालं. गोळी डुकराच्या पोटाखाली मातीत घुसली. डुकरानं मान वर करून इकडेतिकडे पाहिलं आणि कुणी चुकून दार उघडलं असावं तसं नाराज होऊन निघून गेलं.

हॉइटची टोपी हसता हसता खाली पडली. "अगं, वारा घातलास त्याला! उकडत होतं बिचाऱ्याला!"

रविवारी चर्चच्या पायरीवर जो तो विचारत होता, "ऑर्लीन, पंखा कसा काय चाललाय?" ती मान ताठ ठेवून आत गेली. पण कोण कोण हसलं, ते तिच्या पक्कं लक्षात राहिलं.

चर्च सुटल्यावर तिनं आल्सीदला गाठलं. "तुझी बंदूक खोटी आहे!"

"आधी किती उडवलेत?"

"दोनच."

"मग डुकरासाठी हवा उरली कुठून? मिस ऑर्लीन, तुमच्या शाळेत गॅसची टाकी संपत आली की शेगडीची ज्योत कशी व्हायची?"

ऑर्लीनला पातेलंभर अर्धवट शिजलेल्या बीन्स आठवल्या. "एवढं सोपं होतं तर आधी सांगायचं ना!"

"सांगितलं होतं."

"नीट सांगायचं!"

त्यानंतर ती रोज आल्सीदच्या कुरणात जायला लागली. काटा कुठे आला की गोळी कुठे जाते, किती लांबून किती खाली बसते, हे तिनं मीठ-तिखटाच्या अंदाजासारखं हातात बसवलं. दर वेळी ओंडक्यातून थाड आवाज आला की ती पुटपुटायची, "हा डुकराला." आणि दुसऱ्याला म्हणायची, "हा हसणाऱ्यांना."

माती चढवायचा मे महिन्यातला तो रविवार दोन दिवसांवर आला होता. शुक्रवारी उजाडता उजाडता ती आणि आल्सीद दगडांमागे बसले होते, बंदुकीत हवा पूर्ण भरलेली, काटा वरच्या टोकाला. डुक्कर आलं, घरचंच असल्यासारखं डेल्बर्टवर चढलं आणि उकरायला लागलं. मागे ओढ्याची दरड होती, कुणाचा दगड मध्ये नव्हता. ऑर्लीननं काटा बघितला आणि घोडा ओढला. धप्प. शांतता. थाड!

डुक्कर कुंपणापर्यंत धावलं आणि तिथेच कोसळलं.

"भोग आता!" ऑर्लीन मोठ्यानं म्हणाली. तिला दया आली नाही. थोडी येईल असं तिला वाटलं होतं, पण नाही आली.

आल्सीद गुडघ्यावर बसून जनावर उलटवायला लागला आणि थांबला. "मिस ऑर्लीन, हे तर खच्ची केलेलं आहे."

त्या रानात जुनी रीत आहे. कुत्र्यांनी रानडुक्कर धरलं की तिथेच त्याला खच्ची करायचं, कानावर आपली खूण कापायची आणि पुन्हा सोडून द्यायचं. वर्षा-दोन वर्षांत ते मऊ, चरबीदार होतं आणि थंडीत मारून खातात. ज्याची खूण त्याचं डुक्कर. प्रत्येक घराण्याची खूण वेगळी असते आणि म्हाताऱ्यांना सगळ्या पाठ असतात.

ऑर्लीननं कान धरून वर केला. उजव्या कानाला खालून दोन खाचा. डावा कान शेंड्याला तिरपा छाटलेला. ही स्टोव्हॉल घराण्याची खूण होती. डेल्बर्टचं डुक्कर?

"वय किती असेल याचं?" तिनं विचारलं.

आल्सीदनं जबडा उघडून दात बघितले. "तीन. चाराच्या वर नक्की नाही."

डेल्बर्टला जाऊन सहा वर्षं झाली होती. ही खूण कापणारा दुसरा हात आता एकच उरला होता. पिंजरा रविवार झाल्यावर. कुत्र्यांचे पाय सुजलेले, सगळ्यांचे. आल्सीदनं पोट फाडलं तर आत मका ठासून भरलेला होता, रानात कुठे मिळत नाही असा, पोत्यातला. ते दफनभूमीजवळच राहावं म्हणून हॉइट त्याला चारत होता. भावाचं थडगं उकरलं जातंय हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि त्यानं थंडीतल्या मांसाकडे बघून मूग गिळले होते. वर ओसरीवर बसून तिलाच विचारलं, त्याचं तुझ्याशी काय वैर!

"कान दोन्ही काप," ऑर्लीन म्हणाली. "आणि बाकीचं भाजायचं. रविवारी."

शनिवारी ती दाताळं घेऊन गेलीच नाही. डेल्बर्टची माती तिनं तशीच ठेवली, उकरलेली, दगड कललेला. रविवारी सगळी घराणी त्या थडग्यापुढून गेली आणि नजर चोरून पुढे सरकली. हॉइट पांढऱ्या शर्टात जवळ आला आणि चारजणांना ऐकू जाईल असं मायेनं म्हणाला, "ऑर्लीन, तुला जमत नव्हतं तर सांगायचं होतंस गं. मी नसतं का केलं?"

"जेवून घे आधी," ती म्हणाली.

प्रार्थना हॉइटनंच म्हटली. आल्सीदनं खड्ड्यात रात्रभर भाजलेलं मांस हाडापासून सुटत होतं, आणि हॉइटनं दोनदा वाढून घेतलं. "कुठलं गं हे? कसलं मऊ झालंय!"

ऑर्लीननं पिशवीतून मिठात ठेवलेले दोन्ही कान काढले आणि त्याच्या ताटात, मक्याच्या पावाशेजारी ठेवले.

हॉइटचा घास तोंडातच राहिला. समोर बसलेल्या म्हाताऱ्या प्रूइटला नीट दिसत नव्हतं, पण त्यानं हात लांब करून कान उचलले आणि खाचांवरून अंगठा फिरवला. "खालून दोन, शेंडा तिरपा," तो म्हणाला. "ही तर तुमची खूण, हॉइट." त्यानं कान शेजाऱ्याकडे दिले आणि ते टेबलभर फिरले. प्रत्येकजण कान बघायचा, मग उकरलेल्या थडग्याकडे बघायचा, मग हॉइटकडे.

"डेल्बर्टचीही हीच खूण होती," हॉइट घाईघाईनं म्हणाला. "त्यानं सोडलं असेल."

तेवढ्यापर्यंत ऑर्लीन त्याला सोडायला तयार होती. कान दाखवायचे, त्याचं तोंड काळं करायचं आणि घरी जायचं, इतकंच तिनं ठरवलं होतं. पण मेलेल्या भावावर ढकलतोय हे ऐकल्यावर ती उभी राहिली.

"डुक्कर तीन वर्षांचं आहे, हॉइट. डेल्बर्ट मातीतून उठून आला का कापायला? आला असेल तर मला भेटल्याशिवाय गेला कसा? त्याच्याशी माझी अजून बरीच भांडणं राहिलीत."

आधी प्रूइट हसला, मग सगळं टेबल. चर्चच्या पायरीवर हसलेले तेच लोक, तसेच, पोट धरून. हॉइट लाल झाला, पांढरा पडला, आणि उठायला लागला तेव्हा ऑर्लीननं त्याच्यापुढे फावडं धरलं.

"कुठे चाललास? तू नसतं का केलं, म्हणालास ना? कर."

आणि अख्ख्या बेथेलच्या देखत हॉइट स्टोव्हॉल चांगल्या शर्टात भावावर माती चढवायला लागला. ऑर्लीननं त्याचीच घडीची खुर्ची ओढून उंचवट्याच्या पायथ्याशी मांडली, मांसाचं ताट मांडीवर घेतलं आणि सावकाश जेवली. मन भरून जेवली. हॉइट घामानं निथळून थांबला आणि म्हणाला, "बास झालं ना गं आता?"

तिनं हाड चोखलं, बाजूला ठेवलं आणि उंचवट्याकडे बघितलं.

"अजून उंच," ती म्हणाली.