पुढची सीट कुणाची?

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. लग्न होऊन अंबरनाथला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये आले, तेव्हा सासूबाईंनी दाराला टांगलेल्या लिंबाचं मी सरबत करून प्यायले होते. बीएस्सी ना मी! अंगात सायन्स नुसतं उकळत होतं... आणि शेगडीवर दूध उतू जात होतं.

आता आम्ही बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. मुलगा संदीप, सून मृणाल, मी आणि जुनी गाडी. सासूबाई होत्या तोवर गाडीत पुढची सीट त्यांची. "माझा गुडघा दुमडत नाही गं." मी मागे, मांडीवर पिशव्या. मला बसायला जरा उशीर झाला की पुढून जीभ टाळ्याला लावून – च्यक्! बाकी एक शब्द नाही.

मागच्या वर्षी त्या गेल्या. कार्य सगळं यथासांग केलं हो. मग माझाही गुडघा धरला. डॉक्टर म्हणाले, पाय लांब करून बसा. म्हणजे पुढची सीट माझी. रीतसर!

बसले. संदीपने चावी फिरवली. च्यक्. गाडी ढिम्म. कधी चालू व्हायची, कधी नाही. बॅटरी नवी टाकली, स्टार्टर बदलला. शेवटी मृणाल चाचरत म्हणाली, "आई, राग मानू नका... पण तुम्ही पुढे असलात की होत नाही."

राग मानू नका म्हणे!

उल्हासनगरच्या गॅरेजवाल्याकडे नेली. तो म्हणाला, "माँजी, मोबाइल इधर दो." दिला. च्यक्. "कान का मशीन भी निकालो." काढलं. च्यक्. मला उतरवून सीटवर तांदळाचं पोतं ठेवलं, वर बेल्ट लावला – गाडी चालू! मृणाल बसली – चालू!

मी मशीन कानात घातलं तेव्हा तो म्हणत होता, "गाडी में फॉल्ट नहीं है."

"तो क्या मुझमें है?"

त्याने बॉनेटमध्ये तोंड लपवलं. मी भर गॅरेजात त्या रिकाम्या सीटवर ओरडले, "अहो आई, पोतं चालतं, नातसून चालते, मीच तेवढी नको का?"

घरी येताना मी मागेच. पाय आडवा टाकून, उशी घेऊन. पिशव्या मृणालच्या मांडीवर, तेवढं समाधान.

रात्री मशीन चार्जिंगला लावताना हात थांबला. त्याशिवाय मला शेजारच्या कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही. मग गॅरेजमध्ये तो च्यक्...?

सकाळी संदीपला विचारलं, "चावी फिरवल्यावर तो च्यक् कशाचा रे येतो?"

"कुठला च्यक्, आई? काहीच आवाज येत नाही. तोच तर प्रॉब्लेम आहे."

मृणालनेही कधी ऐकला नाही. गॅरेजवाल्याला फोन केला, त्यानेही नाही.

कुणाला कारण ठाऊक असेल तर जरूर लिहा. फक्त सायन्सवाल्यांनी. लिंबू-मिरचीवाले काय सांगणार ते मला माहीत आहे... आणि ते मी ऐकून घेणार नाही!