काशीची तालीम

कुठल्याही गावाला जाण्याआधीच तिथून एकदा परत आलेले असे जगात एकच गृहस्थ असतील, आणि ते म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. सहल ठरली की निघण्याच्या आधीच्या रविवारी दाजी तिची तालीम घेतात. तालीम म्हणजे नुसती तोंडी उजळणी नव्हे. सगळ्यांनी प्रवासाचे कपडे घालायचे, बॅगा भरायच्या, गॅस बंद करायचा, कुलूप लावून ते तीनदा ओढून बघायचं, मलकपेठच्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरून सामानासकट खाली उतरायचं, रिक्षा करून काचीगुडा स्टेशन गाठायचं आणि आपला डबा जिथे लागणार तिथे फलाटावर जाऊन उभं राहायचं. मग दाजी घड्याळ बघतात, वहीत काहीतरी लिहितात आणि म्हणतात, "चला, आता घरी." पहिल्या तालमीच्या वेळी शेजाऱ्यांना ही पद्धत ठाऊक नव्हती. समोरच्या तेलुगू आजींनी डोळ्यांत पाणी आणून निरोप दिला, भाचीच्या हातात मुरुकूंची, म्हणजे तांदळाच्या चकल्यांची, मोठी पुडी ठेवली, आणि दोन तासांनी आम्ही सगळे पुन्हा जिना चढताना दिसलो तेव्हा त्या इतक्या घाबरल्या की कुणाचं काय बरंवाईट झालं हे विचारायचंही त्यांना सुचेना. पुडी परत करावी की ठेवावी ह्यावर ताईचं आणि दाजींचं जिन्यातच वाजलं. तोवर भाचीने ती संपवली होती.

दाजींचं घराणं तीन पिढ्या हैदराबादचं. बालपण गौलीगुड्यात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत गेलं, त्यामुळे इतर मुलं अंगाई ऐकून झोपत तेव्हा दाजी गाड्यांची नावं ऐकत झोपत असावेत असा माझा अंदाज आहे. ते रिक्षावाल्याशी दखनीत बोलतात, कंडक्टरशी तेलुगूत, आणि आमच्याशी ह्या दोन्हींमधून अंग चोरून वाट काढत आलेल्या मराठीत. वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात, शेजाऱ्यांच्या पार्किंगवरून भांडणं काढतात; दाजींनी सगळ्या नातेवाइकांच्या सहली ताब्यात घेतल्या. "फिरायला कुणी बी जातो हो," ते म्हणतात, "इंतजाम पाहिजे." हा इंतजाम शब्द ते असा उच्चारतात की ऐकणाऱ्याने आपोआप सरळ बसावं.

त्यांचे नियम सांगायला बसलो तर सुट्टी संपेल. एका माणसाचे सगळे कपडे एका बॅगेत ठेवायचे नाहीत. प्रत्येक बॅगेत प्रत्येकाचा एकेक जोड हवा, म्हणजे एखादी बॅग हरवली तरी कुणी उघडं पडत नाही. ह्यामुळे बॅग कधीच हरवली नाही, पण रुमाल शोधायला चारही बॅगा उघडाव्या लागतात आणि माझं दाढीचं सामान हमखास भाचीच्या बॅगेत निघतं. नवे बूट प्रवासात घालायचे नाहीत. ते आधी आठवडाभर घरात घालून हिंडायचं. एका मे महिन्यात ताई स्वयंपाकघरात बूट घालून पोळ्या लाटत होती ते मी पाहिलं आहे. आणि प्रत्येकाच्या खिशात नाव, पत्ता आणि दाजींचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हवी, मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा तिन्ही लिपींत. हा नियम मुलांपुरता असेल अशी माझी समजूत होती. पण पन्नाशीला आलेल्या, कचेरीत बारा माणसांवर साहेब असलेल्या माझ्याही पँटीत त्यांनी चिठ्ठी सरकवली. ती तशीच राहून पँट इस्त्रीला गेली, आणि इस्त्रीवाल्याने दाजींना फोन करून अदबीने विचारलं, "साब, आप का कोई गुम गया था क्या?" मी शरमेने अर्धा झालो. दाजी मात्र महिनाभर सगळ्यांना सांगत होते की बघा, चिठ्ठी काम करते.

प्राणिसंग्रहालय त्यांनी आम्हाला उलटं दाखवलं. सगळे लोक फाटकातून शिरतात आणि सिंहाकडे धावतात, तिथेच गर्दी होते. आपण शेवटाकडून सुरुवात करायची, असा हिशेब. हिशेब बरोबर होता. गर्दी आम्हाला कुठेच लागली नाही. एका म्हाताऱ्या कासवापुढे आम्ही निवांत पाऊण तास उभे होतो, आणि सिंहापाशी पोचलो तेव्हा तो आत झोपायला गेला होता. भाची रडायला लागली तर दाजी तिला समजावत होते की सिंह काय, टीव्हीवर बी दिसतो, कासव कोण दाखवतो तुला?

ह्या भाचीचं मराठी वाचन म्हणजे आणखी एक प्रकरण. बोलते फर्डं, पण वाचायला दिलं की अक्षरं चाचपडते. दाजींनी हाताने लिहिलेल्या प्रवासाच्या यादीत 'सुई-दोरा' होतं, तिने 'सुई-दोरी' वाचलं आणि बाजारातून दहा हात सुतळी घेऊन आली. दुसरा कुणी बाप रागावला असता. दाजींनी सुतळी हातात घेऊन ओढून बघितली, क्षणभर विचार केला आणि म्हणाले की दोऱ्यापेक्षा ही जास्त कामाची आहे. तेव्हापासून यादीत दोन्ही असतात.

इतकी थट्टा केल्यावर एक कबूल करायला हवं. दाजींबरोबर गेलेलं कुणी कधी उपाशी राहिलं नाही, भिजलं नाही, चुकलं नाही, आणि आजारी पडलं तेव्हा औषध पिशवीत नव्हतं असं एकदाही झालं नाही. माणसांवर माया करायची त्यांची हीच रीत. त्यांना गोड बोलता येत नाही. म्हणूनच आईच्या यात्रेचं काम त्यांच्याकडे गेलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

आई माझ्याकडे अंबरपेठला असे. वडील गेल्यावर वर्षभराने, तेव्हा ती अठ्ठ्याहत्तरची असेल, एकदा जेवताना म्हणाली, "एकदा गंगेला जाऊन यावं वाटायलंय." आयुष्यात तिने स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा पहिली गोष्ट. मी "जाऊ की" म्हणून भाताकडे वळलो. दाजी त्या दिवशी पंगतीला होते. ते हात धुऊन आले आणि त्यांनी नवी कोरी वही काढून तिच्यावर 'काशी' असं लिहिलं.

ते काम तीन वर्षं चाललं. उन्हाळ्यात काशीला ऊन फार, पावसाळ्यात नदी घाटाच्या पायऱ्या चढून येते, थंडीत धुक्याने गाड्या रखडतात. उरले दिवाळीनंतरचे दोन आठवडे. त्यात पहिल्या वर्षी भाचीची परीक्षा निघाली आणि दुसऱ्या वर्षी दाजींच्याच डोळ्याचं ऑपरेशन. आई मधूनमधून काहीतरी पुटपुटे. जावयाशी ती कधी मान वर करून बोलली नाही. ते तिला आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मामी म्हणत आणि ती त्यांना जावईबापू. ती म्हणाली, एवढं लांब कशाला? दाजींनी प्रवासाचे दोन तुकडे करून नागपूरला मुक्काम घातला. ती म्हणाली, आता गुडघे साथ देत नाहीत. दाजींनी घडीचं स्टूल आणलं, आणि ते आठवडाभर घरात वापरायला लावलं. एकदा तर ती अगदी स्पष्ट म्हणाली की जवळपास कुठं पाण्यात पाय बुडवले तरी माझं बास आहे. ह्यावर दाजींचे डोळे भरून आले. बाहेर येऊन मला म्हणाले, "बघ, किती समाधानी बाई. हिला काशी दाखवल्याबगैर मी सोडत नाही." आणि त्यांनी दुसरी वही सुरू केली.

तिसऱ्या वर्षी तिला धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, न्यायचं तर ह्याच थंडीत न्या, पुढचं सांगता येत नाही. आता मात्र दाजींना घाई झाली, पण तालमीवाचून निघणं त्यांच्या रक्तात नाही. आणि ह्या वेळी फलाटावर जाऊन परत येणं पुरेसं नव्हतं. मामींना गाडीत चार तास बसवेल का, संडासापर्यंत जाता येईल का, पायऱ्या उतरता येतील का, हे बघायला हवं होतं. म्हणून त्यांनी सरस्वतीच्या देवळाचं बासर निवडलं. सकाळी काचीगुड्याहून निघायचं, दुपारपर्यंत पोचायचं, देवीचं दर्शन, घाटावर वीस मिनिटं, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. आई, ताई, दाजी आणि मी असे चौघं निघालो. सक्त सूचना होती की ही काशीच आहे असं समजून वागायचं. मेडचल आलं तेव्हा दाजी म्हणाले, हे बल्लारशा. कामारेड्डी म्हणजे नागपूर; तिथे आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, कारण वहीत जेवण नागपूरला होतं. निजामाबादला त्यांनी "जबलपूर, जबलपूर" म्हणून आईला उठवून औषध दिलं. समोर बसलेले एक तेलुगू गृहस्थ आधी गोंधळून, मग काळजीने आमच्याकडे बघत होते.

निजामाबाद सोडल्यावर आई पुन्हा डुलकी घेईल असं वाटलं होतं. पण ती खिडकीला चिकटून बसली. गाडी पुलावर आली, खाली रुंद, शांत पाणी दिसलं, आणि आईने पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. "आली गंगा," ती म्हणाली.

दाजींनी वहीत पाहिलं. "मामी, ही गोदावरी," ते समजुतीने म्हणाले. "आजच्यापुरती हिला वाटेतली यमुना समजा. गंगा लांब आहे."

आईने जोडलेले हात खाली घेतले नाहीत. देवीच्या दर्शनाला ती आली, पण तिचं लक्ष नव्हतं. घाटावर मात्र ती आमच्या पुढे होती. पाण्यात उतरण्याचं बळ नव्हतं. ताईने आणि मी धरून तिला खालच्या पायरीवर बसवलं आणि तिने पाण्यात पाय सोडले. ओंजळीने पाणी तोंडावर घेतलं. दाजी स्टूल धरून उभे होते. वीस मिनिटं झाली तसे ते खाकरले आणि म्हणाले, चला, तालीम छान झाली, आता पंधरा दिवसांनी खरी काशी.

"जावईबापू," आई म्हणाली, "माझी गंगा झाली."

दाजींना कळेना. मग तिने हात करून प्रवाहाच्या वरच्या बाजूला दाखवलं. "तिकडं वर, धर्माबादच्या अंगाला माझं माहेर. आमच्याकडं हिलाच गंगा म्हणतेत. मी हिचंच म्हणू लागले होते."

"मग मामी, तीन साल तुम्ही बोलल्या का नाही?"

"तुम्ही माझ्यासाठी एवढं करायलाव," ती पाण्याकडे बघत म्हणाली, "जावयाला मधीच नको कसं म्हणावं?"

मला त्या पायरीवर उभं राहवेना. दाजी गौलीगुड्यात वाढले, त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण लहानपणी मेच्या सुट्ट्या मी ह्याच नदीकाठी, आजोळी काढल्या होत्या. आजी सकाळी हाकलायची, "गंगेवर जाऊन आंघोळी करून या." पुढे शाळेच्या भूगोलाने गोदावरी म्हणायला शिकवलं आणि तिचं घरचं नाव मी साफ विसरलो. आईने जेवताना शब्द काढला तेव्हा तो ओळखायला घरात मी एकटाच होतो, आणि मी भात कालवत होतो. त्याची लाज मला आजही वाटते.

दाजींनी बूट-मोजे काढले, घडीचं स्टूल बाजूला ठेवलं आणि सासूपासून अदबीने दोन हात अंतर ठेवून त्याच पायरीवर पाण्यात पाय सोडून बसले. परतीची गाडी चुकणार हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "हौ." गाडी चुकली. त्या दिवशी आम्ही घाटाजवळच्या एका धर्मशाळेत राहिलो, कुठलीही आधी चौकशी न करता, आणि आई कधी नव्हे ती पोटभर बोलत होती: माहेरची होडी, वाळूतली कलिंगडं, पुराच्या पाण्यात वाहून आलेली लाकडं. दाजी मांडी घालून ऐकत होते. वही पिशवीतच राहिली.

त्यानंतर आई वर्षभर होती. काशीचं नाव कुणी काढलं नाही. तिच्या वर्षश्राद्धानंतर एका सकाळी दाजी अंबरपेठला आले, चहाचा कप पुढ्यात घेऊन बसले. मग म्हणाले, "बासरच्या तीन साल आधी त्यांचे पाय चालत होते रे. कुठली गंगा, एवढं नुसतं विचारलं असतं तर त्या पाण्यात उतरल्या असत्या. पायरीवर नसतं बसावं लागलं." मी म्हणालो, विचारायचं मी होतं, दाजी. तुम्ही निदान नेलंत. ते गार झालेला चहा तसाच पिऊन उठले आणि दारात चपला घालता घालता वळले.

"तुला कुठं जायचंय का रे?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, खरंच कुठं?"

मी विचार करू लागलो. दाजी घड्याळाकडे न बघता दारात उभे राहिले, मी काय म्हणतो ते ऐकायला.