दोन्ही पाय दुखतात म्हण

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि नरसिंहपूरला देवासमोर उभी राहिले तेव्हा त्यालाही नाही. तिथं हात जोडले आणि भलतंच काहीतरी मागून आले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं — सोपं तरी कुठं? चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा उठून घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

सणसरच्या बाजूला एका वस्तीवर मी अंगणवाडी चालवते. वस्तीवरच्या बाया मला ‘बाई’ म्हणतात, आणि पोराला शिंक आली तरी आधी माझ्याकडं येतात. लहान पोरांचे पाय दुखणं तर मला तोंडपाठ. दिवसभर हुंदडलेलं पोर संध्याकाळी पोटऱ्या धरून रडायला लागतं. वाढीचं दुखणं ते. घाबरायचं नाही. कोमट तेलानं हलकं चोळायचं, गरम फडक्यानं शेकायचं, जवळ घेऊन बसायचं. सकाळी पोर उड्या मारत उठतं. फक्त तीन गोष्टी बघायच्या — दुखणं दोन्ही पायांत आहे ना, सकाळी चाल सरळ आहे ना, सूज किंवा ताप नाही ना. एकच पाय दुखत असेल, पोर लंगडत असेल, तर थेट डॉक्टर. हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि मी ते किती आयांना शिकवलं याची गणती नाही. म्हणजे ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय मला नाही.

माझी गौरी तेव्हा सात वर्षांची होती. दिवेलागणीला पाय दुखतात म्हणायला लागली. मी तेल लावलं, जुन्या साडीच्या पट्ट्या फाडून पोटऱ्यांना बांधल्या — आमच्याकडं बांधतात तसं. ती म्हणाली, “आई, ह्योच बांध. उजवा.” मी हसले आणि दोन्ही बांधले. वाढीचं दुखणं दोन्ही पायांत असतं ना! पुस्तकात तसंच होतं. एवढंच असतं तर त्याला चूक म्हणता आलं असतं. पण मी थांबले कुठं?

माझ्या सासूबाई — आत्याबाई म्हणायचे मी त्यांना — मेंढरामागं चालून मोठ्या झालेल्या. कळप विकून घरानं ऊस लावला, तरी त्यांची नजर तीच राहिली. शंभर मेंढरांत एखादं लंगडं असलं तर धुळीतल्या खुरांवरून सांगायच्या. एका सकाळी नळावर सात-आठ बाया पाणी भरत होत्या, तेव्हा त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, “पोरगी उजवा पाय चोरतीया. दवाखान्यात दाव तिला.”

मी बाई. अंगणवाडीची बाई. आणि मला माझ्याच पोरीबद्दल अंगठा उठवणाऱ्या बाईनं चारचौघांत शिकवायचं? मी म्हटलं, “आत्याबाई, ती पोरगी हाय, मेंढरू न्हाय.” बाया खदखदून हसल्या. आत्याबाई घागर उचलून चालत्या झाल्या. मला काय आनंद झाला होता, काय सांगू! आणि तिथंच मी अडकले. आता मी चुकलेली चालणार नव्हतं.

नंतर दोन-तीन दिवसांनी अंगणात पाणी मारलं होतं, माती ओली होती. गौरी मोरीकडं जाऊन आली. आत्याबाईंनी मला हाताला धरून नेलं आणि तिची पावलं दाखवली. डावं पाऊल टाचेपासून बोटांपर्यंत खोल उमटलेलं. उजव्याचा नुसता चवडा. “माझ्या ल्योकाला बी दावते, येऊ दे कारखान्यावरनं,” म्हणाल्या आणि शेरडांना पाला टाकायला मागं गेल्या. मी उभी राहिले. ती पावलं मलाही वाचता येत होती — कुणालाही वाचता आली असती. मग मी खराटा घेतला आणि सगळं अंगण झाडून काढलं.

रात्रपाळी करून आमचे हे आले, तेव्हा दाखवायला काही उरलं नव्हतं. “आई, तुझं आपलं काईतरी आस्तंय,” एवढंच म्हणाले. आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी चहा टाकला.

कशासाठी? पोरीवर जीव नव्हता का माझा? होता. आजही आहे. पण पडले तरी नाक वर — हे माझं जुनं दुखणं. एक दिवस बाया हसल्या असत्या, दुसऱ्या दिवशी विसरल्या असत्या. तेवढं सोसायची माझी तयारी नव्हती.

आता ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवू? सांगते.

आत्याबाईंनी पिच्छा सोडला नाही, तेव्हा हे म्हणाले, एकदा दाखवून आण, आईच्या जिवाला बरं वाटंल. मी गौरीला बारामतीला घेऊन गेले. निघताना दुखण्याचं सिरप पाजलं, म्हणजे चाल सरळ पडेल. आणि एसटीत तिला खिडकीशी बसवून, केस सारखे करत सांगितलं — डॉक्टरांनी विचारलं तर दोन्ही पाय दुखतात म्हण. एकच म्हणालीस तर मोठी सुई टोचतील.

डॉक्टरांनी विचारलं. तिनं आधी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, “दोन्ही.”

भले होते डॉक्टर. वाढीचं दुखणं दिसतंय म्हणाले, आणि त्याच तीन गोष्टी सांगितल्या. लंगडली तर लगेच आणा, हाडांचा फोटो काढू. मी मान डोलावली. घरी येऊन आत्याबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात यांना सांगितलं, “डॉक्टरबी तेच म्हणाले.”

त्यानंतर गौरीनं पाय दुखतो म्हणणं सोडलं. संध्याकाळी पट्ट्या मागेना. भिंतीला हात लावून चालायची, खेळायला बोलवलं तरी पायरीवर बसून राहायची. घर कसं शांत झालं होतं. बरी झाली, असं मी मनाला सांगत होते आणि तिला चालताना बघायचं टाळत होते. चार महिने.

मग शाळेतून निरोप आला. खिचडीच्या पंगतीत तिला मांडी घालता येत नव्हती.

या वेळी दुसरे डॉक्टर, फोटो, काळ्या कागदावर पांढरी हाडं. उजव्या खुब्यातला हाडाचा गोळा रक्त न पोचल्यानं खचत चालला होता. दुखणं खुब्याचं, कळ खाली गुडघ्यात आणि पोटरीत. लवकर आणली असती तर एवढं खचू दिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. मग विचारलं, मुलगी काही बोलली नाही का?

हे खोलीत होते. आत्याबाई होत्या. गौरी टेबलावर आडवी होती, तिचे डोळे माझ्यावर होते. आणि मी म्हटलं, “न्हाय हो. कवाबी विचारलं की दोन्ही पाय म्हणायची.”

सात वर्षांच्या पोरीवर ढकललं मी. तिच्यासमोर.

परत येताना तिनं मला विचारलं, “आई, मी चुकीचं सांगितलं का गं?” मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, “आसू दे. तुला काय कळतंय.” म्हणजे बघा — मी तिला माफ केलं.

पुढं ऑपरेशन, प्लॅस्टर, महिनोन्‌महिने खाटेवर. पाय आखूड राहिला तो राहिलाच. आत्याबाई जाईपर्यंत म्हणत होत्या, “म्याच वरडून सांगाय पायजे व्हतं.” हे म्हणायचे, मी आईचं ऐकायला हवं होतं. घरात ज्यानं त्यानं दोषातला वाटा उचलला. मी प्रत्येकाची समजूत काढत फिरले.

गौरी आता एकोणीस वर्षांची आहे, बारामतीला कॉलेजात. एसटीत मी काय शिकवलं ते तिला आठवत नसेल का? कदाचित घरात इतकी वर्षं ऐकलेलंच तिला आपलं खरं वाटत असेल. किंवा तिला सगळं आठवतं आणि ती मला सांभाळून घेते. विचारायची माझी हिंमत नाही.

मागच्या महिन्यात ती सुट्टीला आली होती. अंगणवाडीत आयांची बैठक होती, आणि एका नव्या पोरसवदा आईनं सांगितलं की तिच्या मुलाचे पाय संध्याकाळी दुखतात. मी तोंड उघडायच्या आत गौरीच बोलली. “नुसतं पोराच्या सांगण्यावर जाऊ नका, ताई. सकाळी त्याची चाल बघा. मी ल्हानपणी आईला नीट सांगितलंच न्हाय. ती तरी काय करणार?” आणि हसत हसत तिनं उजव्या पायातला जाड तळव्याचा बूट सगळ्यांना दाखवला.

बायांचे डोळे भरून आले. शेजारी बसलेल्या एकीनं माझा हात हातात घेतला. “बाई, तुमी लय सोसलं.”

मी हात काढून घेतला नाही. म्हटलं, “व्हय गं. लय सोसलं.”